मानी पोटोबा

पोटोबांचं नाव आपल्याकडे विठोबाच्याही आधी घेतलं जातं, आणि पोटोबांना हे पुरतं ठाऊक आहे. त्यांच्या वागण्यात पंगतीत पहिलं पान मिळणाऱ्या व्याह्याचा तोरा असतो. वेळेवर वाढलं, जेवताना कुणी जुना वाद उकरून काढला नाही, हात धुतल्या धुतल्या पळायला लावलं नाही, की असा गुणी गृहस्थ शोधून सापडायचा नाही. यातलं एक जरी चुकलं, तरी ते बोलून दाखवणार. कधी गुरगुरून, कधी गुबारा धरून, आणि फारच दुखावले तर भर बैठकीतून तुम्हाला उठवून.

तुमची त्यांच्याशी जन्मापासूनची ओळख आहे. तरी ती मी नव्याने करून देतो आहे, कारण बरीच माणसं त्यांच्याबरोबर उभं आयुष्य काढतात आणि त्यांचा स्वभाव काही त्यांना कळत नाही. ज्यांचं पोट महिनोन् महिने फुगलेलं असतं, ज्यांना सकाळी घराबाहेर पडण्याआधी चपला काढून पुन्हा आत पळावं लागतं, त्यांनी तर ही ओळख मुद्दाम करून घ्यावी.

शर्टाच्या बटणांवर ताण आणणारी ढेरी म्हणजे पोटोबा नव्हेत. ती दर्शनी ओसरी. खरा कारभार मागच्या खोल्यांत चालतो: सहा-सात मीटर लांबीचं लहान आतडं आणि त्यापुढचं दीडेक मीटरचं मोठं आतडं. एवढा लांबलचक संसार वीतभर जागेत घड्या घालून बसवलेला आहे, आणि त्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलून नव्या येतात. आतल्या भिंतींना सतत ताजा हात मारून घेणारा असा हौशी घरमालक दुसरा नसेल.

हिशेबाला ते पक्के आहेत. दिवसभरात त्यांच्या हातून आठ ते नऊ लिटर द्रव जातो. त्यातलं आपण प्यायलेलं जेमतेम दोन लिटर. बाकी सगळी घरचीच आवक: लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्यांचे स्राव. यातला जवळजवळ थेंबन् थेंब ते परत शोषून घेतात आणि शौचावाटे शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी तेवढं बाहेर सोडतात. आता विचार करा, नऊ लिटरच्या या उलाढालीत दोन-तीन टक्क्यांची चूक झाली, तर बाहेर जाणारं पाणी दुप्पट होतं. पातळ होण्यामागे पुष्कळदा एवढीशीच चूक असते. वर्षभर आपण त्यांच्या चोख हिशेबाबद्दल एक शब्द बोलत नाही आणि चुकीच्या दिवशी मात्र त्यांच्या नावाने खडे फोडतो. मान दुखावणारच.

एवढ्या रागातही ते एक दार उघडं ठेवतात, हा त्यांचा मोठेपणा. ढाळ लागलेले असताना नुसतं पाणी आत घ्यायला ते कुरकुरतात. पण साखर आणि मीठ जोडीने दाराशी आले, की दोघांना एकदम आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसं मरत होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच दाराच्या भरवशावर साखर-मिठाचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि मृत्यू झपाट्याने खाली आणले. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ज्यांचे पोटोबा वारंवार बिथरतात, त्यांनी वाईट दिवसासाठी हे प्रमाण पाठ ठेवावं. नुसती गोड सरबतं आणि फळांचे रस मात्र त्या दिवशी नकोत. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि होतं ते उलटच.

स्वच्छतेची त्यांना फार आवड. दोन जेवणांच्या मधल्या रिकाम्या वेळात, साधारण दर दीड-दोन तासांनी, ते वरपासून खालपर्यंत झाडू मारत जातात. आपण ज्याला पोटात कावळे ओरडणं म्हणतो, त्यात या झाडलोटीचा आवाज बराच असतो. तोंडात काही पडलं, की झाडू ठेवून ते कामाला बसतात. चहाबरोबर खारी, मग चिमूटभर चिवडा, मग येता-जाता शेंगदाणे असं दिवसभर चरत राहणाऱ्यांच्या घरी त्यांना केर काढायची उसंतच मिळत नाही. दोन खाण्यांत तीन-चार तासांची मोकळीक द्या, आणि काही दिवसांत त्यांचा चेहरा उजळलेला पाहा.

आता त्यांच्या रागाविषयी. पोटोबांना स्वतःचं डोकं आहे. आतड्यांच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचं जाळं आहे, आणि मेंदूला न विचारता बराचसा कारभार ते जाळं परस्पर उरकतं. वर मेंदूशी त्यांची तार जोडलेली आहेच. त्या तारेतले बहुतेक धागे खालून वर निरोप नेणारे आहेत, म्हणजे ते ऐकतात कमी आणि सांगतात जास्त. दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मुलाने अभ्यास केला आहे की नाही, हे पोटोबांना आईवडिलांच्या आधी कळतं.

माझ्या ओळखीच्या एका मास्तरांचे पोटोबा एसटीचे वैरी आहेत. पुण्याहून कोल्हापूरला निघालं, की गाडी स्टँडाबाहेर वळते न वळते तोच मास्तरांच्या पोटात कळ येते. दाराजवळची सीट, सकाळपासून कडकडीत उपास, साताऱ्याला आणि कराडला गाडी किती मिनिटं थांबते याची पक्की माहिती, अशी सगळी तयारी असते. हेच मास्तर मुलाच्या गाडीतून त्याच रस्त्याने गेले, तर पोटोबा गुपचूप. मुलगा म्हणतो, बाबा, तुमच्या मनाचे खेळ. हे मला पटत नाही. कळ खरी असते, पातळ होतं ते खरं असतं. फरक इतकाच, की मुलाच्या गाडीला हवं तेव्हा थांबवता येतं, आणि हे पोटोबांना माहीत असतं. आपल्या हातात काही नाही, ही जाणीव त्यांना तिखटापेक्षा जास्त झोंबते.

त्यांचा राग एका डॉक्टरने उघड्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरची जखम बुजली नाही, जठरात डोकावणारी खिडकी कायमची राहिली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी रेशमाच्या दोऱ्याला मांसाचे नि भाजीचे तुकडे बांधून त्या खिडकीतून आत सोडले, बाहेर काढले, वर्षानुवर्षं टिपणं घेतली आणि १८३३ साली पुस्तक छापलं. सेंट मार्टिन चिडला, संतापला, की जठराचा रंगढंग बदलतो आणि पचन बिघडतं, हे त्यांनी त्यात नोंदवून ठेवलं आहे. पोटाशी असा दोरा घेऊन कुणी वर्षानुवर्षं बसलं, तर कोण चिडणार नाही! सेंट मार्टिन पुढे भरपूर जगला. डॉक्टर गेल्यावरही सत्तावीस वर्षं.

पोटोबा डूख धरतात, हेही सांगितलं पाहिजे. कॅनडातल्या वॉकर्टन या गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले. दोन हजारांहून जास्त लोकांना जुलाब लागले, सात माणसं दगावली. साथ गेली, पाणी शुद्ध झालं, जंतू पोटातून नाहीसे झाले. पण आजारी पडलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या पोटाने तो अपमान वर्षानुवर्षं विसरला नाही. मुरडा, फुगणं, पातळ होणं चालूच राहिलं. आपल्याकडे पावसाळ्यात एकदा जबर पोट बिघडतं आणि मग माणूस सांगतो, त्या दिवसापासून माझं पोट पूर्वीचं राहिलं नाही. त्याचं म्हणणं खरं मानावं. जंतूने दार सोडलेलं असतं, पण आतले मज्जातंतू अजून दचकत असतात.

या दचकण्याला डॉक्टरांनी नाव दिलं आहे: इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, ओळखीतलं आयबीएस. आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखतं, त्याचा शौचाशी संबंध असतो, शौचाच्या खेपा किंवा पोत बदललेला असतो, आणि हे तीन महिने चाललेलं असतं, सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असते. अशा माणसाची दुर्बिणीची तपासणी केली तर आतडं गुलाबी, गुळगुळीत, निर्दोष दिसतं. मग त्याला सांगतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही. या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. आतड्यात फुगा फुगवून पाहण्याचे प्रयोग १९७०च्या दशकातच झाले होते. जेवढ्या फुग्याची दुसऱ्यांना दादही नव्हती, तेवढ्यात या माणसांना कळा येत होत्या. अस्तर निर्दोष असतं, संवेदना तीव्र झालेली असते. पोटोबा ढोंग करत नाहीत. त्यांना ते येतच नाही.

फुगण्याचं त्यांचं तंत्र तर बघण्यासारखं असतं. सकाळी पोट सपाट. दुपारपर्यंत गच्च. संध्याकाळी सलवारीची नाडी सैल करावी लागते, आणि शेजारीण गोड बातमी आहे का असं विचारून जाते. ओळखीच्या एका बाईंना असं दोनदा विचारलं गेलं, दोन्ही वेळा त्या रडल्या. आत वाऱ्याचा डोंगर साचला आहे, अशी त्यांची खात्री होती. पण बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी अशा माणसांचे पोट फुगलेल्या वेळी आणि बसलेल्या वेळी स्कॅन काढले, तेव्हा दोन्ही वेळच्या वायूत फारसा फरक नव्हता. झालं असं होतं, की थोड्याशा वायूला घाबरून श्वासपटल खाली दाबलं जात होतं आणि पोटाचे स्नायू पुढे ढिले सुटत होते. निरोगी माणसात याच्या बरोबर उलटं होतं. म्हणून जेवणानंतर सैल कपड्यांत शांत बसून पोटाने सावकाश श्वास घेणं, श्वास सोडताना जास्त वेळ लावणं, हा फुगण्यावरचा खरा उपाय आहे. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून आपण त्याला उपाय मानत नाही.

वायू अर्थात असतोच. मोठ्या आतड्यात पोटोबांनी अब्जावधी जिवाणू भाडेकरू ठेवले आहेत. त्यांच्या उपयोगाचं पारडं जड आहे, पण खाणं त्यांचं ठरलेलं. लहान आतड्याला जी साखर पचवता येत नाही, ती त्यांच्या पानात पडते आणि त्यांचा जेवणाचा थाट चालू झाला, की हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन. न पचलेली साखर पाणीही ओढून घेते. फुगणं आणि पातळ होणं हातात हात घालून येतं ते यामुळे.

कुठल्या खाण्यात अशा साखरा किती, याची मोजदाद मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या मंडळींनी केली आणि २००५ साली या साखरांना मिळून फॉडमॅप असं नाव दिलं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना हे नाव ठाऊक नव्हतं, पण गोष्ट ठाऊक होती. त्यांच्याकडे चातुर्मास कडक. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी व्हायची, म्हणजे कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांदाभात, लसणाची चटणी, सगळं एकदाच. दुसऱ्या दिवशी काकू अंथरुणावर, पोटाला हिंगाचा लेप. आणि त्यानंतर कार्तिकीपर्यंत चार महिने त्यांच्या पोटोबांची एक तक्रार नाही. कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टन नावाची साखर भरपूर असते, आणि ती पचवणारा पाचकरस माणसाच्या आतड्यात नसतो. बहुतेकांचे पोटोबा तिच्याकडे काणाडोळा करतात, काकूंचे करत नव्हते.

कांद्याशिवाय रस्सा कसा, हा प्रश्न कोल्हापूरकर विचारणारच. उत्तर आहे. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या, तर वास तेलात राहतो आणि त्रास पाकळीबरोबर जातो. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग बहुधा चालतो, खालचा पांढरा नको. हिंगाची फोडणी आपल्याकडे होतीच. गव्हातही फ्रुक्टन असतं, त्यामुळे पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी अनेकांना सोसते. राजमा, छोले, वाल यांच्यापेक्षा मुगाचं वरण हलकं, आणि कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिलं तर त्यातल्या त्रासदायक साखरेचा काही भाग पाण्याबरोबर जातो. मे महिन्यातल्या आमरसाबद्दल बोलताना मला वाईट वाटतं, पण आंब्यात फ्रुक्टोज जास्त असतं आणि वाटीमागून वाटी रस पोटोबांना झेपेलच असं नाही. एक छोटी वाटी बहुतेक वेळा ते हसत स्वीकारतात.

पण हे वगळणं म्हणजे चाचणी आहे, जन्मठेप नव्हे. दोन ते सहा आठवडे या साखरा कमी करायच्या, मग एकेक पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात परत आणून पाहायचा, आणि जो निर्दोष ठरेल त्याला सन्मानाने पानात बसवायचा. आहारतज्ज्ञ बरोबर असेल तर उत्तम. या परत आणण्याच्या पायरीवर माणसं कच खातात. एक वकील मला माहीत आहेत, त्यांनी आधी दूध सोडलं, मग डाळी, मग भाज्या, मग फळं, आणि शेवटी नुसत्या मऊभातावर येऊन थांबले. वजन उतरलं, चेहरा ओढला, पोटोबा तरी खूश नाहीत ते नाहीतच. त्यांच्या भाडेकरूंनाही निरनिराळं खाणं लागतं. रोज एकच पान वाढलं तर तेही रोडावतात.

दुधाशी पोटोबांचं नातं बालपणी फार जिव्हाळ्याचं असतं. पुढे दूध पचवणारं लॅक्टेज हळूहळू कमी होत जातं, आणि भारतात अशा प्रौढांची संख्या मोठी आहे. कपभर दुधात बाराएक ग्रॅम दुग्धशर्करा असते. चहातलं दूध निभतं, पण कोजागरीच्या रात्री आटवलेल्या दुधाचे ग्लासावर ग्लास रिचवले, तर मध्यरात्री लक्ष्मी कोण जागं आहे असं विचारायला येते तेव्हा घरात जागे असतात ते पोटोबाच. ताकावर मात्र त्यांचा लोभ आहे. विरजणातले जिवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आधीच खाऊन टाकतात आणि उरलेली पचवायलाही मदत करतात. चरकसंहितेत ग्रहणीच्या विकारावर ताकाचं केवढं महत्त्व सांगितलं आहे, हे वैद्यमंडळी आजही सांगतात. दुपारच्या जेवणानंतर वाटीभर पातळ ताक, जिरं आणि सैंधव घालून. दूध अजिबात चालत नाही म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे चालतं.

पोटोबा बोलतात खरं, पण आपण त्यांचं बोलणं भलत्यालाच लावतो. वडापाव खाल्ला, दहा मिनिटांत पळावं लागलं, म्हणून वडापाव गुन्हेगार. वास्तविक घास तोंडापासून शेवटपर्यंत पोचायला एक दिवस लागतो, कधी दोन. जठरात काहीही पडलं, की मोठं आतडं हालचाल सुरू करतं आणि आधीचा माल पुढे ढकलतं, हा त्यांचा जुना शिरस्ता. संवेदनशील पोटात ही ढकल जोरात बसते, एवढंच. वडापाव तेव्हा जठराच्या उंबऱ्यावर असतो. गुन्हेगार काल दुपारी येऊन गेला असेल, किंवा कोणी नसेलच.

कधी गुन्हेगार औषधांच्या डब्यात सापडतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने अनेकांचं पोट पातळ होतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते मात्रा सावकाश वाढवतात किंवा हळूहळू विरघळणारी गोळी देतात. आम्लपित्ताच्या काही पातळ औषधांत मॅग्नेशियम असतं, तेही जुलाब करतं. शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगगम यांत सॉर्बिटॉल असतं. पित्ताशय काढल्यानंतर पित्त सतत आतड्यात झिरपून पातळ होणाऱ्यांवर तर वेगळं औषध आहे. यातलं कुठलंही औषध मनाने बंद करू नये, पण पोटोबांची तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालावी. त्यांनी विचारल्याशिवाय बहुधा कुणी सांगत नाही.

पोटोबांची मर्जी राखायला फार काही लागत नाही. ठरलेली जेवणवेळ, सावकाश चावणं, जेवणानंतर थोडं चालणं, पुरेशी झोप. इसबगोल त्यांचा जुना मित्र. उत्तर गुजरातेत उंझ्याच्या बाजूला पिकणारं हे बी, त्याचा भुसा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पातळ असेल तर घट्ट करतो आणि घट्ट असेल तर मऊ करतो. सुरुवात मात्र एका छोट्या चमच्याने आणि भरपूर पाण्याबरोबर. पहिल्या दिवशी मूठभर घेतला तर पोटोबा फुगून निषेध नोंदवतील. गव्हाचा कोंडा त्यांना त्या मानाने रुचत नाही. प्रवासापुरती जुलाब थांबवणारी गोळी, पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल, आतड्याचे मज्जातंतू शांत करणारी औषधं हे सगळं आहे. डॉक्टरांशी बोलून घ्यावं. दर बिघाडाला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणणं हा त्यांच्या भाडेकरूंवर अन्याय आहे, आणि त्याची परतफेड ते आणखी जुलाबांनी करतात.

आता गंभीर गोष्ट. रुसलेले पोटोबा रात्री झोपतात. आयबीएसचा माणूस सकाळी चार वेळा जाईल, पण गाढ झोपेतून सहसा उठणार नाही. ते मध्यरात्री उठवायला लागले, शौचातून रक्त पडलं, ताप राहिला, काही न करता वजन उतरलं, हिमोग्लोबिन घसरलं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच तक्रार सुरू झाली, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, सिलिअ‍ॅक वा आतड्याच्या सुजेचा आजार असेल, तर हा रुसवा नव्हे. त्यांना मदत हवी आहे, आणि ती ओव्याची फक्की देऊ शकत नाही. रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, सिलिअ‍ॅकची चाचणी, शौचाची तपासणी, सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिन, लागलं तर दुर्बीण. शौचाच्या तपासणीत जिआर्डिया सापडला, तर थोड्या दिवसांच्या औषधाने वर्षाची कटकट मिटते. हा परजीवी पहिल्यांदा पाहिला डच संशोधक लेवेनहूकने, १६८१ साली, स्वतःच्याच जुलाबात, स्वतः घासलेल्या भिंगाखाली. त्याला त्याची लाज वाटली नाही, त्याने ते पत्रात लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं.

लाज आपल्याला वाटते. रक्तदाबाचे आकडे आपण लग्नाच्या मांडवात सांगतो, साखरेचे आकडे शेजाऱ्याला ऐकवतो, पण पोटोबांचं नाव काढलं की आवाज खाली जातो. बायका तर वर्षानुवर्षं घरातही बोलत नाहीत. लग्नाला जायचं टाळतात, माहेरच्या प्रवासाला नाही म्हणतात, कारण डोकेदुखीचं देतात. कामावर जाणारी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, जेवत नाही, कारण ऑफिसमधलं स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर आहे. पोटोबा असे माणसाचं जग आकसून टाकतात, आणि आसपासच्या कुणाला पत्ता नसतो.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. दोन आठवडे एक कागद ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, केव्हा जावं लागलं, किती पातळ होतं, पोट केव्हा फुगलं, त्या दिवशी मनावर कसला ताण होता, पाळी चालू होती का, कुठली गोळी घेतली. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, आणि जरा पोट बिघडलंय एवढ्यावर थांबू नका. रात्री उठावं लागतं का, रक्त पडतं का, वजन किती उतरलं, कधी कपडे खराब होतात का, हे पहिल्या भेटीतच, स्पष्ट शब्दांत सांगा. डॉक्टरांनी हे हजारदा ऐकलेलं असतं. आणि सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका. गहू आधीच सोडला, तर तो आजार असूनही तपासणीत दिसत नाही.